घरातली टेलिफोन लाइन: वायरिंग आणि बिघाडाचा शोध

टेलिफोनला दोनच तारा लागतात. केबल चार तारांची असो की आठ, एका नंबरचा फोन चालतो तो त्यातल्या दोनांवर. या दोन तारा एक्स्चेंजपासून तुमच्या फोनपर्यंत कुठे न तुटता, एकमेकींना न चिकटता आणि ओलीतून जमिनीला न लागता पोहोचल्या की लाइन चांगली. घरात होणारे जवळपास सगळे बिघाड याच तीन प्रकारांत बसतात: तार तुटली, दोन तारा एकमेकींना लागल्या किंवा एक तार जमिनीला लागली.

त्यामुळे वायरिंग करणं अवघड नाही. कस लागतो तो बिघाडाची जागा शोधताना, आणि त्यासाठी एक पद्धत सोडून दुसरी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. लाइन मध्येच एका ठिकाणी सोडवायची, दोष अलीकडे आहे की पलीकडे ते तपासायचं, आणि ज्या बाजूला असेल तिचे पुन्हा दोन भाग करायचे. अंदाजाने फोन बदलत, तारा ओढत आणि जोड उकलत बसलं की चांगला भागही बिघडतो आणि मूळ दोष तसाच राहतो. पुढचं सगळं वायरिंग अशा रीतीने सांगितलं आहे की उद्या लाइन बंद पडली तर ती ठिकठिकाणी सहज सोडवता यावी.

तारांवर काय असतं

फोन ठेवलेला असताना दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. मीटरवर ४५ ते ५४ यांमधला कोणताही आकडा आला तरी तो नेहमीचाच समजा. हा दाब एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा असतो. म्हणूनच घरातली वीज गेली तरी तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन चालतो. या बॅटऱ्यांचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं आणि लाइन जमिनीच्या मानाने ऋण राहते. उलटं असतं तर ओल लागलेल्या जागी तांबं विद्युत-रासायनिक क्रियेने लवकर झिजलं असतं.

रिसीव्हर उचलला की फोनमधला स्विच दोन तारा फोनच्या सर्किटमधून जोडतो. साधारण २० ते ३० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहू लागतो आणि दाब उतरून ६ ते १२ व्होल्टच्या आसपास येतो. हा प्रवाह सुरू झाला की एक्स्चेंजला कळतं, फोन उचलला. मग डायल टोन येतो. आता विचार करा, भिंतीच्या आत दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर काय होईल? एक्स्चेंजच्या लेखी तो फोन उचललेलाच. थोडा वेळ टोन, मग कर्कश इशारा, मग शांतता. बाहेरून कुणी फोन केला तर त्याला लाइन एंगेज मिळते. ‘फोन डेड आहे पण बाहेरच्यांना एंगेज येतो’ ही तक्रार शॉर्टकडे किंवा कुठेतरी नीट न ठेवलेल्या रिसीव्हरकडे बोट दाखवते.

रिंग वाजते तेव्हा याच तारांवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात, सेकंदाला २० ते २५ आवर्तनांनी. ४८ व्होल्ट कोरड्या हाताला सहसा जाणवत नाहीत, पण रिंगचा झटका चांगलाच लागतो. शिडीवर उभं असताना तो लागला तर खरा धोका झटक्यापेक्षा पडण्याचा.

शेवटचं तत्त्व पिळाचं. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, कारण आजूबाजूच्या विजेच्या तारांमधून येणारी घरघर मग दोघींवर सारखीच बसते. फोन फक्त दोघींमधला फरक ऐकतो, त्यामुळे सारखी बसलेली घरघर वजा होते. पिळलेल्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली घेतलं आणि आजच्या नेटवर्क केबललाही तेच तत्त्व लागू आहे. दोघींपैकी एकीचाच जमिनीशी संबंध आला की हा तोल जातो आणि घरघर ऐकू येते. पुढे बिघाड शोधताना याचा फार उपयोग होतो.

हात लावण्याआधी

ढग गडगडत असतील तर टेलिफोनच्या तारेला हात लावायचा नाही. वीज लांब पडली तरी तिचा दाब लाइनवरून घरात शिरू शकतो. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर किंवा अनवाणी काम नको. काम सुरू करताना घरचं वायरिंग बाहेरून येणाऱ्या लाइनपासून सोडवा. मग रिंगच्या झटक्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक तपासणी, जी फारसं कुणी करत नाही. मीटर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून प्रत्येक तार आणि अर्थिंग यांमधला दाब मोजा. काही व्होल्ट दिसले तर काळजी नको. पण घरच्या विजेच्या दाबाजवळचा आकडा आला आणि तो स्थिर राहिला, तर कुठेतरी विजेची तार टेलिफोनच्या तारेला लागलेली असू शकते. तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कंपनीची हद्दही माहीत हवी. बाहेरून येणारी तार घरात किंवा घराच्या भिंतीवर ज्या पहिल्या डबीत उतरते, तिथपर्यंतची लाइन कंपनीची. त्यापुढचं वायरिंग तुमचं. खांब, खांबावरची किंवा इमारतीखालची वाटपाची पेटी आणि तिथून घरापर्यंतची तार यांना हात लावायचा नाही. तिथे शेजाऱ्यांच्या लाइनी असतात आणि खांबावर विजेच्या ताराही असतात.

साहित्य

पक्कड, वायर कटर, बारीक आणि मध्यम स्क्रूड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि तारेने जोडलेला, ॲडॉप्टर न लागणारा एक जुना साधा फोन. या शेवटच्या वस्तूचं मोल मोठं आहे. कॉर्डलेस फोनला स्वतःची वीज, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे बिघाड असतात. त्यावर लाइन तपासली तर दोष लाइनचा की फोनचा हे ठरत नाही. साधा फोन मात्र लाइनवरच चालतो आणि लाइन कशी आहे ते खरं सांगतो. तो चालू असल्याची खात्री आधी दुसऱ्या चांगल्या लाइनवर करून घ्या.

केबल घेताना आतली तार सबंध तांब्याची आणि ०.५ मिलिमीटर जाडीची घ्या. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच असते, पण दोनदा वाकवली की तुटते आणि स्क्रूखाली सैल पडते. कटरने टोक कापून पाहा, आतून चांदीसारखं पांढरं दिसलं तर ती घेऊ नका. नवं वायरिंग करणार असाल तर मी सरळ आठ तारांची नेटवर्क केबल टाकायला सांगेन. तिचा पिळ चांगला असतो, तीन जोड्या जादा मिळतात, आणि उद्या टेलिफोन नको झाला तरी तीच केबल इंटरनेटला उपयोगी पडते. फोनसोबत येणारी चपटी कॉर्ड भिंतीवरून लांबवर नेऊ नका. तिला पिळ नसतो आणि आतला धागा स्क्रूखाली टिकत नाही.

रंगांची जोडी

जुन्या चार तारांच्या केबलमध्ये लाल आणि हिरवी ही पहिली जोडी, पिवळी आणि काळी ही दुसरी. जोड्या पिळलेल्या केबलमध्ये निळी आणि तिची पांढरी ही पहिली, मग नारिंगी, हिरवी आणि तपकिरी, प्रत्येकीची आपापली पांढरी. पांढऱ्यांवर रंगीत पट्टे असतील तर सोपं. पट्टे नसतील तर साल काढण्याआधी नीट पाहा, कोणती पांढरी कोणत्या रंगाला पिळलेली आहे, आणि लगेच खूण करा. निळीबरोबर नारिंगीची पांढरी घेतली तर फोन चालेल, मीटरही सगळं ठीक दाखवेल, पण पिळाचा फायदा गेला. दुसऱ्या नंबरचं बोलणं पुसट ऐकू येणं, घरघर, इंटरनेटचा वेग उतरणं हे सगळे त्याचे परिणाम. ही चूक मीटरवर दिसत नाही, म्हणून ती होऊच द्यायची नाही.

धन-ऋण उलटं झालं तर आजच्या फोनांना चालतं. काही जुन्या बटणांच्या फोनांत मात्र तारा उलट लागल्या की टोन येतो, बोलता येतं, पण बटणं दाबून नंबर लागत नाही. तसं झालं तर दोन तारांची अदलाबदल करा.

वायरिंगचे टप्पे

१. आधी कागदावर आराखडा काढा. बाहेरची लाइन उतरते तिथे एक मुख्य डबी, आणि तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल. एका सॉकेटवरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं अशी माळ केली तर केबल कमी लागते, पण मधला एक जोड सैल झाला की पुढचं सगळं बंद, आणि दोष शोधताना प्रत्येक डबी उघडावी लागते. स्वतंत्र केबल असेल तर मुख्य डबीत एकेक जोडी सोडवून काही मिनिटांत कळतं, दोष कोणत्या खोलीकडे आहे. जादा केबलचा खर्च पहिल्याच बिघाडात वसूल होतो.

२. बाहेरची लाइन आणि घरचं वायरिंग यांमध्ये काढता-घालता येणारा जोड ठेवा. सर्वांत सोयीचं म्हणजे बाहेरची लाइन एका सॉकेटमध्ये संपवायची आणि घरचं सगळं वायरिंग एका प्लगने त्यात घालायचं. प्लग काढला की घर वेगळं, आणि त्याच सॉकेटमध्ये साधा फोन लावून बाहेरची लाइन तपासता येते. या लेखातला एकच सल्ला पाळायचा असेल तर तो हा पाळा.

३. केबलची वाट ठरवा. विजेच्या पाइपातून टेलिफोनची केबल कधीही न्यायची नाही, आणि एका डबीत दोन्ही ठेवायच्या नाहीत. कारण घरघरीचं आहेच, त्याहून मोठं सुरक्षिततेचं आहे. समांतर न्यावीच लागली तर निदान वीतभर अंतर ठेवा. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. न्हाणीघराची भिंत, गळणारा पाइप, खिडकीची खालची चौकट या जागा टाळा.

४. भिंतीत पाइप असेल तर स्प्रिंग घालून केबल ओढा, नसेल तर केसिंग पट्टीतून न्या. ओढताना झटका देऊ नका आणि केबल काटकोनात दुमडू नका. पाइपाच्या आत जोड ठेवू नका. जोड असेल तर तिथे उघडता येणारी डबी हवीच. केबलवर खिळ्याचे क्लिप मारत असाल तर खिळा आवरणात शिरला नाही ना, ते प्रत्येक वेळी पाहा.

५. बाहेरून भिंतीत शिरणाऱ्या केबलला भोकाच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल आणि केबलवरून आत येणार नाही. भोकही आतून बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा.

६. प्रत्येक डबीत वीतभर केबल जादा ठेवा. टोक तुटलं तर पुन्हा कापून जोडायला तीच उपयोगी पडते. बाहेरचं आवरण सुमारे ५ सेंटिमीटर काढा, जोडीचा पिळ मात्र टोकाजवळ येईपर्यंत उकलू नका.

७. स्क्रूचा सॉकेट असेल तर तारेची साल सुमारे दीड सेंटिमीटर काढून ती स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवा. आवळताना तार आत ओढली जाते. उलटी वळवली तर बाहेर ढकलली जाते. साल काढताना तांब्यावर कटरचा चरा पडला तर ते टोक कापून टाका, कारण तार पुढे तिथेच तुटते. खाचेत दाबून बसवायचा सॉकेट असेल तर साल काढायचीच नाही; खाचेची धार साल कापून तांब्याला भिडते. त्यासाठीचं दाबायचं हत्यार वापरा, स्क्रूड्रायव्हरने दाबलं तर खाच पसरते आणि तार सैल बसते.

८. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहा. न वापरलेल्या जोड्या कापून टाकू नका, मागे गुंडाळून ठेवा. एक जोडी खराब झाली तर दुसरीवर लाइन हलवता येते.

जोड

घरच्या लाइनमध्ये सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे दोन तारा पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड. पहिले काही महिने तो उत्तम चालतो. मग पट्टीचा गोंद सुटतो, हवा आणि ओल आत जाते, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि जोडाचा रोध वाढत जातो. त्याऐवजी जेल भरलेले छोटे दाब-जोड वापरा. दोन्ही तारा साल न काढता आत शेवटपर्यंत सरकवायच्या, वरची टोपी पकडीने समांतर दाबायची, झालं. आतल्या जेलमुळे ओल शिरत नाही. ते मिळत नसतील तर स्क्रूची जोडपट्टी डबीत बसवा. दोन्ही तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, थोडे मागेपुढे ठेवा.

सहा जागांच्या छोट्या प्लगमध्ये, ज्याला आरजे-११ म्हणतात, लाइन नेहमी मधल्या दोन पट्ट्यांवर असते. असा प्लग स्वतः दाबून बसवता येतो, पण सबंध तारेचा प्लग आणि धाग्यांच्या तारेचा प्लग वेगवेगळे असतात, आणि चुकीचा बसवला की काही महिन्यांनी खरखर सुरू होते. तयार कॉर्ड घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. हा प्लग नेटवर्कच्या मोठ्या सॉकेटमध्ये शिरतो, पण तिथल्या कडेच्या पट्ट्या वाकवू शकतो. आणि चालू टेलिफोन लाइन राउटरच्या नेटवर्क पोर्टमध्ये कधीच घालू नका. रिंगचा दाब त्या पोर्टसाठी नाही.

त्याच लाइनवर इंटरनेट असेल तर

बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात बसतं, डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारांवरून येणारं इंटरनेट, साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर चालतं. दोघांना वेगळं करायला फिल्टर लागतो. प्रत्येक फोनला, फॅक्सला, लाइनवर असलेल्या अलार्मलाही वेगळा फिल्टर लावता येतो, पण एक उपकरण विसरलं तरी सगळं बिघडतं. त्यापेक्षा मुख्य डबीपाशी एकच स्प्लिटर बसवा: एका तोंडातून मोडेमला थेट स्वतंत्र जोडी, दुसऱ्यातून घरातले सगळे फोन. मोडेमच्या वाटेवर फिल्टर नको. ज्या खोल्यांत आता फोन नाही त्यांच्या लोंबत्या केबली मुख्य डबीत सोडवून ठेवा. पुढे काहीही न जोडलेल्या तारेतून सिग्नल परत फिरतो आणि वेग खातो.

बिघाड शोधताना

सुरुवात नेहमी मुख्य डबीपासून. घरचा प्लग काढा, साधा फोन बाहेरच्या लाइनला थेट लावा. टोन आला, आवाज स्वच्छ असला, बाहेरून केलेला फोन नीट वाजला, तर दोष घरात आहे. टोन नाही किंवा खरखर इथेही आहे, तर दोष कंपनीच्या बाजूला आहे आणि घरातली एकही डबी उघडायची गरज नाही. बहुतेकांचा वेळ वाया जातो तो ही एक तपासणी गाळल्यामुळे.

कंपनीच्या बाजूला दोष असेल तर फोन काढून दोन तारांमधले डीसी व्होल्ट मोजा आणि तक्रारीत आकडा सांगा. शून्य असेल तर तार तुटलेली किंवा शॉर्ट. ४८ ऐवजी २०-३० असेल तर लाइनमध्ये गळती, बहुधा ओल. व्होल्ट पुरेसे असून फोन लावताच ते कोसळतात आणि टोन येत नाही, तर वाटेत खराब जोड. ‘मुख्य डबीत घर सोडवून मोजलं, एवढे व्होल्ट आले’ असं सांगितलं की लाइनमन घरातलं वायरिंग तपासत बसत नाही, सरळ बाहेरच्या जोडांकडे जातो.

दोष घरात असेल तर सगळी उपकरणं काढा. फोन, मोडेम, फॅक्स, आन्सरिंग मशीन, अलार्म, कपाटामागे विसरलेलं एखादं एक्स्टेन्शन, सगळी. मग घरचा प्लग परत घाला. काही मिनिटं थांबा, कारण शॉर्ट काढल्यावर लाइन पूर्ववत करायला एक्स्चेंज थोडा वेळ घेऊ शकतं. आता मुख्य डबीत टोन आला तर वायरिंग ठीक, दोष एखाद्या उपकरणात. एकेक लावत जा, आणि ज्याला लावल्यावर लाइन जाते ते बाजूला ठेवा. टोन आला नाही तर दोष वायरिंगमध्ये. मुख्य डबीत खोल्यांच्या सगळ्या जोड्या सोडवा आणि एकेक जोडून पाहा.

खराब केबल सापडली की मीटर काढा. ती दोन्ही टोकांना मोकळी असली पाहिजे, बाहेरच्या लाइनपासून तर नक्कीच, कारण व्होल्ट असलेल्या तारेवर रोध मोजता येत नाही. सर्वांत मोठ्या रेंजवर दोन तारांमधला रोध मोजा, बोटं टोकांना न लावता; नाहीतर मीटर तुमच्या शरीराचाच रोध दाखवतो. चांगल्या केबलवर मीटर मर्यादेबाहेर जातो. १ मेगाओहमच्या खालचा आकडा ओलीची शंका घ्यायला पुरेसा आहे, काही किलोओहम दिसले तर गळती नक्की. तेच माप प्रत्येक तार आणि अर्थिंग यांमध्येही घ्या.

काही ओहमच दिसत असतील तर सरळ शॉर्ट आहे, आणि तो किती लांब आहे तेही मीटर सांगतो. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध दर १० मीटरला पावणेदोन ओहमच्या आसपास असतो. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून त्यांचा रोध आधी वजा करा. उरलेला आकडा साडेतीन आला तर शॉर्ट सुमारे २० मीटरवर. मग दुसऱ्या टोकाकडूनही मोजा. दोन मापं मिळून केबलच्या लांबीएवढी होतात का ते पाहिलं की जागा पक्की होते. बहुतेकदा तिथे भिंतीत नवा ठोकलेला खिळा किंवा क्लिप सापडतो.

तार तुटली असेल तर उलटं करा. दूरच्या टोकाला दोन तारा एकमेकींना जोडा आणि इकडून मोजा. २० मीटरला तीन-चार ओहम आले पाहिजेत. मर्यादेबाहेर गेलं तर तार तुटलेली. चाळीस-पन्नास आले आणि केबल हलवल्यावर आकडा नाचला तर वाटेत खराब जोड आहे.

आता लक्षणांविषयी. सतत घरघर म्हणजे तोल गेलेला: एक तार जमिनीला गळते आहे, किंवा केबल विजेच्या तारेला चिकटून गेली आहे. फक्त कॉर्डलेसवरच घरघर असेल तर आधी त्याचा ॲडॉप्टर बदला. हलवल्यावर बदलणारी खरखर म्हणजे सैल किंवा गंजलेला जोड. त्यातही आधी रिसीव्हरची गुंडाळीदार कॉर्ड बदलून पाहा, कारण रोज ताणली जाणारी तीच. पावसात येणारी आणि ऊन पडलं की जाणारी खरखर ही ओल शिरलेल्या जोडाची. ती दिसेनाशी झाली म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या पावसात ती वाढलेली असते.

एकदा रिंग वाजून लाइन कट होते, हेही ओलीचं लक्षण. ४८ व्होल्टला ओलसर जोड तग धरतो, रिंगच्या चढ्या दाबाला गळती वाढते, आणि फोन उचलला असं समजून एक्स्चेंज रिंग थांबवतं. याच्या उलट प्रकारही होतो: बरेच दिवस न वापरलेल्या लाइनवर आवाज खराब असतो आणि फोन उचलून थोडं बोललं की आपोआप सुधारतो. गंजलेल्या जोडावरचा पातळ थर प्रवाहाने तात्पुरता फुटतो म्हणून असं होतं. इंटरनेट तुटतंय आणि फोन वाजला की परत येतं अशी तक्रार असेल तर जोड तपासा, मोडेम बदलू नका. फोन उचलल्यावर इंटरनेट जात असेल तर मात्र एखाद्या फोनला फिल्टर नाही किंवा फिल्टर खराब आहे.

फोनमध्ये रेडिओ ऐकू येत असेल तर गंजलेला जोड डायोडसारखा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने सोडणाऱ्या भागासारखा वागतो आहे. तो नवा करा. नंबर दाबूनही टोन जात नसेल तर फोनच्या खालचा टोन-पल्सचा स्विच पाहा. सगळ्या फोनांची रिंग मंद झाली असेल तर लाइनवर उपकरणं जास्त झाली आहेत. प्रत्येकाच्या खाली आरईएन नावाचा आकडा छापलेला असतो, त्यांची बेरीज करा. पारंपरिक लाइन साधारण ३ ते ५ पर्यंतचा भार झेलते. एखादा फोन काढल्यावर बाकीचे जोरात वाजले तर उत्तर मिळालं.

तांब्याची लाइन जाऊन फायबर आला असेल तर

जुनं वायरिंग फेकायची गरज नाही. फायबरच्या पेटीवर टेलिफोनचं एक सॉकेट असतं आणि त्यातून मिळणारी लाइन जवळपास जुन्यासारखीच: डीसी दाब, डायल टोन, रिंग. ते सॉकेट एका कॉर्डने घरातल्या कोणत्याही भिंतीवरच्या सॉकेटला जोडलं की सगळ्या खोल्यांतले फोन चालू होतात. त्याआधी मुख्य डबीत बाहेरची तांब्याची लाइन पूर्णपणे सोडवून तिची टोकं वेगळी झाकून ठेवा. सेवा बंद झाली असली तरी तिच्यावर ४८ व्होल्ट शिल्लक असू शकतात आणि ते पेटीच्या सर्किटमध्ये शिरले तर ते जळू शकतं. म्हणून कॉर्ड लावण्याआधी भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावा. डीसी शून्य, एसी शून्य आलं तरच पुढे जा. जुने डीएसएल फिल्टर आणि स्प्लिटरही काढून टाका.

ही पेटी एक्स्चेंजएवढा भार उचलत नाही, तेव्हा दोन-तीन फोनांवर थांबा. आणि तिला घरची वीज लागते. वीज गेल्यावरही फोन चालायला हवा असेल, विशेषतः घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल, तर पेटीला आणि तिच्याबरोबर राउटर वेगळा असेल तर त्यालाही छोटा यूपीएस लावा, आणि जोडणी झाल्यावर मेन स्विच बंद करून एक फोन लावून पाहा.